बिनपंखी माशीचे नऊ दिवस

पंख नसलेल्या माशीचा शोध आमच्या घरच्या खताच्या खड्ड्यात लागला आणि तो मी लावला. हा शोध एकंदर नऊ दिवस टिकला.

एकाहत्तर सालच्या थंडीतली गोष्ट. मी नगरची. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न करून राहात्याच्या बाजूला पेरूच्या बागेत येऊन पडले. वडिलांना माझ्या शिक्षणाची भारी हौस, म्हणून रुखवतात लाडू, करंज्या आणि क्रोशाच्या रुमालांच्या मधोमध त्यांनी माझी डिसेक्शनची पेटी मांडली होती. कात्री, चिमटे, सुया, सगळं चकचकीत घासलेलं. सासरच्या बायकांनी ती पेटी उघडून बघितली आणि "पोरीला शिवणटिपण बी येतंय," म्हणून माझं कौतुक केलं. त्या सुयांनी मी दोन डझन बेडूक टोचलेत, हे काही मी मांडवात बोलले नाही.

लग्नाला सहा महिने झाले आणि बातमी आली, की शेजारच्या गावातल्या नव्या हायस्कुलात सायन्स शिकवायला माणूस मिळत नाहीये. मला ती नोकरी हवी होती. हवी होती म्हणजे इतकी, की भाकरीचं पीठ मळताना मी परातीला "आज आपण पेशीची रचना पाहू," असं म्हणायला लागले होते. मी आधी ह्यांना विचारलं. ह्यांनी "आण्णांना विचार," म्हणून पायात चपला घातल्या आणि थेट विहिरीवरच्या मोटारीकडे निघून गेले. आण्णा म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना आण्णा म्हणायचं, मी मामा म्हणायची.

मामा म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त सावकाश म्हटलेलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा चुलीपुढं भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी त्यांनी अशी दणादण थापली, की परात हलली. मी लगेच अर्थ लावला, की यांचा विरोध आहे. (अर्थ लावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.)

आता खड्ड्याचं सांगते. त्याला उकिरडा म्हटलेलं मामांना खपायचं नाही. "उकिरडा लोकांचा, आपला कंपोस्ट," असं ते म्हणायचे. तालुक्याची एक स्पर्धा असायची, उत्तम कंपोस्ट खड्ड्याची. त्यात मामांचा सलग तीन वर्षं दुसरा नंबर आला होता आणि पहिला आला होता रंगूनानांचा. रंगूनाना आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. त्यांना नंबर आल्याचा जेवढा आनंद व्हायचा, त्याच्या दुप्पट मामांचा न आल्याचा व्हायचा. म्हणून त्या वर्षी मामांनी खड्ड्यात जीव ओतला होता. उसाच्या पाचटाचा थर, शेणाचा थर, राखेचा थर आणि वरून बागेतले सडके पेरू. खड्ड्याला काठी लावून ते खोली मोजायचे आणि जाताना वळून वळून बघायचे. सासूबाई म्हणायच्या, "लेकाच्या जन्माला एवढं न्हाई बघितलं."

गोठ्यातलं शेण पाटीत भरून खड्ड्यावर नेऊन टाकायचं काम माझ्याकडे होतं. ते उजाडता उजाडता उरकायचं. मग चूल, पाणी, न्याहारी, बागेत आलेल्या बायांचा चहा, धुणं, दुपारचा स्वयंपाक, भांडी, पुन्हा चूल. त्यामुळे खड्ड्याचं तोंड मला दिसायचं ते रोज सकाळी, पाच मिनिटं. ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. मी ठेवली नव्हती.

स्पर्धेची कमिटी यायला नऊ दिवस असताना मी अशीच पाटी घेऊन गेले, तर खड्ड्यावर मामा आणि रंगूनाना दोघं वाकून उभे.

"आण्णा, तुमच्या खड्ड्यात किडं पडल्यात," रंगूनाना म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण ते नीट बसलं नव्हतं.

"खतात किडं न्हाईत तर काय मोर असत्यात?" मामा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. पेरूच्या चिखलातून बाजरीच्या दाण्यापेक्षाही बारीक, फिकट रंगाचे शेकडो जीव तुरुतुरु चालत पाचटावर चढत होते.

मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तुमी सायन्स शिकलाय न्हवं? सांगा बरं हे काय हाय."

सहा महिन्यांत या घरात मला कुणी पहिल्यांदाच माझ्या विषयातलं काही विचारत होतं. मी पाटी तिथंच टाकली, घरात पळत गेले, पेटी आणि भिंग घेऊन आले आणि खड्ड्याच्या काठावर पालथी झाले. सहा पाय. लालभडक डोळे. अंग मऊ, लांबट. आणि पाठीवर पंखांच्या जागी नुसती चुरगळल्यासारखी दोन टोकं!

कॉलेजात आम्हाला खुरट्या पंखांच्या माश्या होत्या. बाटलीत वाढवलेल्या, जन्मभर न उडणाऱ्या. फायनलला नेमका त्यांच्यावरच प्रश्न आला होता आणि मी तो असा लिहिला होता, की पुरवणी घ्यावी लागली. त्याच माश्या इथं आपल्या आपण, सासरच्या खड्ड्यात!

मी उठले, गुडघे झटकले आणि जाहीर केलं, "मामा, ही माशी आहे. फार दुर्मिळ. हिला जन्मभर पंख नसतात."

"म्हंजी उडत न्हाई?"

"उडणार कशानं?"

"आन् पंख न्हाईत तर तिला माशी का म्हनायचं?" रंगूनानांनी विचारलं.

"नाना, तुमच्या मुंड्या बैलाला शिंगं नाहीत. त्याला तुम्ही बैल म्हणता की नाही?"

नाना बांधावरून निघून गेले. मामा त्यांच्या पाठीकडे बराच वेळ समाधानानं बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, कमिटीत त्या हायस्कुलाचं हेडमास्तर बी येनार हायेत. ही माशी त्यास्नी पटवून द्या. पटली तर त्याच बैठकीला तुमचा अर्ज त्यांच्या हातात दिऊ. न्हाई पटली, तर मंग हायच आपली चूल."

झालं. माझी नोकरी आता त्या माशीच्या पाठीवर होती, आणि तिथं पंख नाहीत याची मला शंभर टक्के खात्री होती.

मी कामाला लागले. पाहुणे आले की पेटवायचा एक स्टो आमच्याकडे होता. त्याचं स्पिरिट मी एका बाटलीत काढून घेतलं आणि रोज सकाळी शेण टाकायला गेले की दहा-बारा माश्या उचलून त्यात सोडायला लागले. रोज भिंगातून बघायचे. एकीलाही पंख नाही. पाच दिवस, साठ माश्या आणि पंख शून्य. याला आम्ही शास्त्रात पुरावा म्हणतो.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "दुपारच्याला राख टाकाया गेल्ते. लई चिलटं उडत्यात तितं."

"ती वेगळी, आत्याबाई. उडतात ती बाहेरून येतात. आपली चालतात."

"मंग आपली दुपारची कुटं जात्यात? एक बी दिसली न्हाई."

"त्यांना ऊन सोसत नाही. त्या खाली पाचटात जातात." हे मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. ते माझ्या तोंडातून आपसूक आलं आणि बाहेर पडल्यावर मलाही पटलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, सुपात फुंकर मारली आणि म्हणाल्या, "शिकल्याली हायेस बाई."

मला ते कौतुक वाटलं.

माझा सिद्धांत मामांनी गावभर नेला. कुणी खड्डा बघायला आलं आणि नाकाशी घोंगावणारं चिलट हातानं हाकललं, की मामा ताबडतोब सांगायचे, "उडती ती आपली न्हवं. ती रंगनाथाच्या खड्ड्यातली." आता यावर कोण काय बोलणार? ग्रामसेवकाकडून त्यांनी स्पर्धेच्या फॉर्मात सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं: 'सदर खड्ड्यात उपयुक्त बिनपंखी माशी आहे. ही माशी उडत नसल्याने शेजारी, लहान मुले व दुभती जनावरे यांस कसलाही उपद्रव नाही.' हे वाक्य माझं. आजही मला ते भाषा म्हणून आवडतं.

कमिटी येणार त्या दिवशी मी आणखी पुढं गेले. माननीय माणसांनी खड्ड्यात कशाला वाकायचं, माशीच त्यांच्यापुढं नेऊन ठेवावी, असं मी ठरवलं. लोणच्याची एक मोठी काचेची बरणी घेतली, सकाळी पाटी टाकायला गेले तेव्हा तिच्यात दोन ओंजळी खत आणि पेरूचा लगदा माश्यांसकट भरला, तोंडाला गाळायचं फडकं बांधलं. वरून रुखवतातला क्रोशाचा रुमाल झाकला आणि बरणी गार कोनाड्यात ठेवून दिली. आत दोन-तीनशे तरी जीव होते. सगळे शिस्तीत चालत होते.

कमिटी आठ वाजता येणार होती. जीप आली पाऊण वाजता.

ओसरीवर सतरंजी घातली होती. सभापती बसले. त्यांच्या मिशा आमच्या भागात प्रसिद्ध होत्या. त्यांच्या शेजारी हेडमास्तर. ते बारीक, चष्मेवाले आणि बोलण्याच्या आधी घसा साफ करणारे. मग ग्रामसेवक. आणि एका कडेला रंगूनाना. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते बसले होते. पुढ्यात तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी आणि दुधाचा गोड चहा. माझा अर्ज मामांच्या कोटाच्या वरच्या खिशात घडी करून ठेवलेला मला दिसत होता.

खड्डा बघून झाला होता. सभापती म्हणाले, "खत फस्क्लास हाय, आण्णा. आता ती माशी दावा."

मामांनी मला खूण केली. मी पदर खोचला, बरणी आणून सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि बोलायला उभी राहिले. पेशीपासून सुरुवात केली. बोलताना बरणीकडे बघायचं नाही, वर्गाकडे बघायचं, हे मी परातीपुढं घोटलेलं होतं. त्यामुळे वर्गाकडे बघत बघतच मी रुमाल काढला आणि फडक्याची दोरी सोडली.

"या माशीची गंमत अशी," मी म्हणाले, "की ही कधीच उडत नाही. भिऊ नका. हातावर घेऊन बघा."

आणि ओसरीवर धुरळा उठला.

दोन-तीनशे चिलटं एकदम वर आली, क्षणभर माझ्या तोंडापुढं थांबली आणि मग आपापल्या कामाला लागली. निम्मी पेरूच्या फोडींवर बसली. उरलेल्यांपैकी बरीच चहात गेली आणि काहींनी सभापतींच्या मिशांमध्ये आसरा घेतला. ग्रामसेवक फॉर्मानं वारा घालत सुटला, त्याच फॉर्मानं.

"बाई," सभापती तोंड शक्य तितकं मिटून म्हणाले, "ही चालतीया का?"

"भाईरच्या असतीला," रंगूनाना म्हणाले. नऊ दिवस ते या वाक्याची वाट बघत होते.

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला होता, माझा अर्ज आणखी आत दाबत असल्यासारखा. नोकरी गेली, मामांचा नंबर गेला आणि वर सगळ्या गावाला आयुष्यभर पुरेल एवढं हसू मी दिलं होतं. कुणाकडे बघवेना, म्हणून मी खाली बरणीत पाहिलं.

आत एक माशी राहिली होती. आळशी असावी, आत्ताच लगद्यातून वर आली होती. फिकट, मऊ, काचेवर चढत होती. पाठीवर तीच ती चुरगळलेली दोन टोकं. मी बघत राहिले. ती टोकं हळूहळू फुगत होती. धुवून पिळलेलं लुगडं झटकून दोरीवर पसरावं, तशी ती एकेक घडी उलगडत गेली.

"अहो थांबा, थांबा! इकडे बघा!" मी ओरडले. सभापतींसमोर ओरडले, सासऱ्यांसमोर ओरडले, पदर कुठं होता ते मला माहीत नाही. हेडमास्तर चष्मा सावरत बरणीजवळ आले आणि गुडघ्यांवर बसले. आम्ही दोघं तिथं दहा-पंधरा मिनिटं तरी वाकून होतो. बाकीची कमिटी मिशा झटकत बसली होती.

"म्हणजे पंख आहेतच," मी म्हणाले. "पहाटे कोषातून निघतात तेव्हा नुसते घडी घातलेले असतात. आणि मी मूर्खासारखी पंख उघडायच्या आत त्यांना पकडून स्पिरिटमध्ये बुडवत होते."

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "रोज सकाळीच बघितलंत?"

"रोज सकाळीच."

"दुपारी एकदाही नाही? का?"

उत्तर दारातून आलं.

"दुपारची कवा बघंल?" आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. परक्या पुरुषांपुढं त्या कधी येत नसत. त्या दिवशी पदर कपाळापर्यंत ओढून आल्या आणि कमिटीकडे न बघता खांबाशी बोलल्या. "पाटी टाकून आली की चुलीपुढं. चुलीपुढनं उठली की धुन्याला. पोरीला खड्डा दिसतो त्यो सकाळचाच. म्या सांगितलं हुतं चिलटं हायेत म्हनून. पन ती शिकल्याली, मी कशाला मदी बोलू?"

आत्याबाईंनी खांबाला पुढं सांगितलं, "मास्तर, न्या तिला तुमच्या शाळंत. भाकरी मी टाकीन. आधी बी मीच टाकत हुते. घरात ठिवली तर आनखी काय काय शोध लावील, न्हाई सांगता यायचं."

सभापती इतके हसले, की राहिलेली चिलटं आपणहून उडाली. हेडमास्तर हसले. शेवटी मामाही हसले आणि त्यांनी खिशातून अर्ज काढला.

मला मात्र हसू येईना. कमिटी गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन आत्याबाईंना म्हटलं, "मला वाटलं तुमचा विरोध आहे. त्या दिवशी तुम्ही भाकरी केवढ्यानं थापली होती."

"तुज्यावर व्हय?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी 'बघू' म्हनलं म्हनून थापली. तीस वर्सं त्येच ऐकतीया."

मी तिथंच बसून रडले. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला आणि जाळ पुढं सार म्हणाल्या.

स्पर्धेत मामांचा दुसरा नंबर आला. निकालाच्या कागदावर शेरा होता, 'खत उत्तम. माश्या उडतात.' मामांनी तो कागद फ्रेम करून ओसरीवर लावला. पुढं घरात कुणी कसली छातीठोक बढाई मारली, की ते फ्रेमकडे बोट करून विचारायचे, "सकाळचं बघितलं, का दुपारचं?" हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा मलाच विचारला गेला.

पुढच्याच महिन्यात मी शाळेत रुजू झाले आणि तीस वर्षं सायन्स शिकवलं. नोकरी मला का मिळाली याबद्दल माझं मत पक्कं होतं. त्या दिवशी सगळे हसत असताना बरणीपुढं बसून राहिलेली माझी शास्त्रीय वृत्ती हेडमास्तरांना भावली. हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगायची, दर वर्षीच्या विज्ञान दिनाला तर भाषणातही सांगायची.

निवृत्त झाले त्या दिवशी क्लार्कनं माझी जुनी फाईल काढून हातात दिली. सर्वांत खाली तो अर्ज होता. अजून मामांच्या खिशाच्या घड्या पडलेल्या, एका कोपऱ्यात वाळलेलं चिलट, आणि खाली हेडमास्तरांच्या बारीक अक्षरात शेरा: 'उमेदवार हुशार, पण सकाळी भरवशाच्या नाहीत. आपली शाळा अकराची असल्याने नेमणुकीस हरकत नाही.'